रिकामटेकड्यांची कैफियत

आमच्यावर आरोप असा आहे की, आम्ही चार-पाच प्रौढ माणसे, बायकापोरांची, पगारपाण्याची, शेताभाताची माणसे, रोज संध्याकाळी जळकोटात रस्त्याकडेच्या हॉटेलात बसून सिनेमा, नाटके, मालिका आणि गाणी यांवर तासन् तास बोलत असतो. आरोप खरा आहे. त्यात 'तासन् तास' एवढीच काय ती अतिशयोक्ती; कारण दुसऱ्या चहाचे पैसे कोणी द्यायचे हा प्रश्न निघाला की आमची सभा आपोआप बरखास्त होते. बाकी सारे कबूल. या आरोपाला जोडून जो निकाल दिला जातो, तो मात्र आम्हांस मुळीच कबूल नाही. 'काय ही रिकामटेकडी माणसे! यांना दुसरे विषय नाहीत काय?' असा तो निकाल. गावातली वजनदार मंडळी तो देतात, व्याख्यानाला येणारे पाहुणे देतात, आणि 'मास्तर, तुमच्यासारख्या लिहित्या माणसानं तरी…' असे म्हणून अर्धे वाक्य हवेत सोडणारे आमचे हितचिंतक तर रोजच देतात. दिवाळी अंकात फराळासारखे हलके काही द्यावे असा संकेत आहे. पण या निकालावर अपील करायला मला दुसरे कोर्ट नाही. तेव्हा वाचकहो, ही कैफियत आपणच ऐकून घ्यावी.

आधी आमचा मुलूख सांगतो. जळकोट हे तुळजापूर तालुक्यातले गाव, सोलापूर-हैदराबाद महामार्गावर, नळदुर्गाच्या पुढे. इकडे सोलापूर, तिकडे उमरगा आणि त्यापलीकडे कर्नाटक. रस्त्याने जाणाऱ्या ट्रकांतून तेलुगू गाणी ऐकू येतात, बाजारात कानडी कानी पडते, शेजारी दखनी हिंदी बोलली जाते, आणि आम्ही आपले 'काय करलालाव?' म्हणत आमच्या मराठीत सगळ्यांना ऐकून घेतो. त्यामुळे आमच्या बैठकीत एकाच चहात 'बाहुबली'ही येतो, 'श्यामची आई'ही येते आणि काल रात्री मालिकेतल्या सुनेने सासूला दिलेले उत्तरही येते. चित्रपट पाहायचा तर बहुधा सोलापूर गाठावे लागते. एवढा खटाटोप करून पाहिलेल्या गोष्टीवर माणसाने बोलूही नये, हा कुठला न्याय?

आमचे पहिले फिर्यादी म्हणजे गंभीर लोक. त्यांचे म्हणणे असे की, चित्रपट आणि चित्रपटगीते या हलक्या गोष्टी आहेत; त्यांवर बोलल्याने बुद्धी हलकी होते; बोलायचे तर थोर विषयांवर बोलावे. हा पक्ष आजचा नाही. एके काळी तो दिल्लीत मंत्र्याच्या खुर्चीवर बसला होता, आणि दैवयोगाने ते मंत्री आपले मराठीच होते. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे १९५२ पासून दहा वर्षे माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री होते. शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा होती, आणि १९५२ साली सुरू झालेल्या संगीताच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण तेवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. चित्रपटगीतांनी जनतेची अभिरुची बिघडते असे ठरवून त्यांनी आकाशवाणीवरल्या त्या गाण्यांना अशी कात्री लावली की, निर्मात्यांशी बिनसून ती गाणी तिथून जवळजवळ हद्दपारच झाली.

लोकांनी काय केले? मोर्चा काढला नाही, निवेदन दिले नाही. रेडिओची सुई तेवढी फिरवली. समुद्रापलीकडचे रेडिओ सिलोन हीच गाणी आनंदाने लावत होते. त्याच १९५२ सालच्या डिसेंबरात तिथून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली, अमीन सयानींचा आवाज घरोघर पोहोचला, आणि बुधवारची रात्र आली की हॉटेलांतल्या रेडिओभोवती माणसे दाटीवाटीने बसू लागली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला 'विविध भारती' काढावी लागली आणि हद्दपार केलेल्या पाहुणीला वाजतगाजत घरात घ्यावे लागले. अभिरुची दार लावून सुधारत नाही, हे कळायला सरकारला पाच वर्षे लागली. आमच्या गंभीर मंडळींना सत्तर वर्षांनंतरही ते कळलेले दिसत नाही.

कुणी म्हणेल, 'गाणी ऐका, चित्रपट पाहा, आमची ना नाही. पण त्यांवर मते कसली देता? तो अधिकार जाणकारांचा.' ठीक. जाणकार कोण, हे आपण भरतमुनींनाच विचारू. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. संस्कृत मला मराठी अनुवादातून जेवढे कळते तेवढेच. पण नाट्यशास्त्रात प्रयोगाच्या सिद्धीचा विचार करताना मुनींनी परीक्षक कोण असावेत ते स्पष्ट सांगितले आहे. त्यांच्या यादीत यज्ञ जाणणारा आहे, छंद आणि व्याकरण जाणणारे आहेत, राजा आहे. आणि त्याच पंगतीला नर्तक, गायक, चित्रकार, धनुर्धर, राजाचा सेवक आणि वेश्या हेही आहेत. वाद पडला तर ज्याचा जो विषय त्यात त्याचे मत घ्यावे. वेषभूषेत चित्रकाराचे, अंगाच्या ठेवणीत धनुर्धराचे, शृंगाराच्या वागण्यात वेश्येचे. म्हणजे एकाच शहाण्याच्या हाती सगळा न्याय द्यावा, असे मुनींच्या मनातही आले नाही. त्यांनी एक बैठकच बसवली!

आता आमची बैठक पाहा. आमच्यात एक शिंपी आहे. स्वातंत्र्याच्या काळातली गोष्ट म्हणून एक मालिका चालू होती आणि आम्ही सगळे नायिकेच्या अश्रूंत बुडालो होतो. एवढ्यात हा गृहस्थ म्हणाला, 'मास्तर, गोष्ट सत्तर-ऐंशी वर्षापूर्वीची म्हणत्यात, आन् हिच्या पोलक्याला ओव्हरलॉकची शिलाई दिसलालीय की!' झाले! त्या दिवसापासून ती मालिका आम्हांला खरी वाटेना. आमच्यात एक निवृत्त एस. टी. कंडक्टर आहेत. १९८० सालच्या कथेत कंडक्टरच्या हातात तिकिटाचे यंत्र पाहून ते असे खवळले की, जणू कुणी त्यांच्या तिकिटांच्या पेटीचा अपमान केला. दवाखान्यात नोकरी करणारी आमच्या एका मित्राची बहीण आहे. पडद्यावर रुग्ण मरणाच्या दारात असतो आणि ती शांतपणे विचारते, 'सलाईन लावलंय, पण सुई कुठं टोचलीय?' आणि आमच्या शेजारच्या आजी. आयुष्यभर खुरपणी केलेली ही बाई नायिकेला शेतात पाहते आणि एवढेच म्हणते, 'खुरपं धरलंय का पेन?'

हे आमचे चित्रकार, हे आमचे धनुर्धर! यांची मते छापून येत नाहीत, त्यांना मानधन नाही, त्यांच्या नावापुढे पदवी नाही. पण सांगा, यांतले एक तरी मत उसने आहे काय? प्रत्येकाने आपल्या हाताच्या घट्ट्यातून ते काढले आहे. खेडे दाखवणाऱ्या मालिकांत बायका झोपतानाही नथ काढत नाहीत, वाड्याला सात खोल्या असून कर्जाची नोटीस कधी येत नाही, आणि गावात नळाला पाणी किती दिवसांनी येते हे कोणाच्या बोलण्यात येत नाही, ही टीका कोणत्या विद्वानाने लिहिण्याआधी आमच्या ओट्यांवर झालेली आहे. ती हसत हसत झाली, म्हणून ती टीका नव्हे काय?

मी शाळामास्तर आहे, म्हणून या प्रश्नाची एक बाजू मला रोज दिसते. 'मला आवडलेला चित्रपट' हा निबंध मुलांना घातला की चाळीस वह्यांत एकच निबंध येतो. चित्रपट निरनिराळे, पण शेवट एकच: 'या चित्रपटातून आपल्याला चांगला बोध मिळतो.' मार्गदर्शक पुस्तकात तसे असते आणि मास्तरांना तेच आवडते, अशी मुलांची पक्की समजूत. हीच मुले मधल्या सुट्टीत डबा खाताना बोलतात ती ऐकावीत. 'हाणामारी झकास, पन हिरो बोलाय लागला की झोप येती.' 'गानं चांगलंय, पन ते मधीच कशाला घातलं?' अहो, ते 'मधीच कशाला' हा रचनेवरचा आक्षेप आहे! वहीत मात्र तो कधी उतरत नाही. कारण लहानपणापासून आपण मुलाला एक शिकवले आहे: तुला खरे काय वाटले ते डब्याशी बोलायचे, आणि काय वाटायला हवे ते वहीत लिहायचे. आपल्याला काय आवडले हे साध्या शब्दांत सांगता न येणारा माणूस पुढे काय आवडून घ्यायचे हे दुसऱ्याला विचारतो. आणि सांगणारे टपूनच बसलेले असतात.

एरवी कुणी किती नाके मुरडली तरी या गप्पांचे बळ इतिहासाने पाहिलेले आहे. १५ ऑगस्ट १९७५ रोजी 'शोले' लागला तेव्हा पहिल्या दिवसांत धंद्यातल्या जाणत्यांनी त्याची तिरडी बांधायला घेतली होती. ज्यांनी तिकीट काढून पाहिला ते घरी गेले, शेजाऱ्याशी बोलले, शेजारी मेव्हण्याशी बोलला. आणि मुंबईच्या मिनर्व्हा चित्रगृहात तो पाच वर्षे चालला. १९७१ साली दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' आला. त्यांच्या पुढच्या चित्रपटांतला चावटपणा मला अनेकदा कंटाळवाणा वाटतो, आणि मी तसे आमच्या बैठकीत निक्षून सांगतो. पण शहरी नाकांनी त्यांना दारातच अडवले तेव्हा खेड्यापाड्यांतला माणूस त्यात स्वतःला पाहून पोट धरून हसला, ही साक्ष खोडता येत नाही. १९९१ साली 'माहेरची साडी' आला. शहाण्यांनी त्यातल्या अश्रूंची थट्टा केली आणि गावोगावच्या बायका गाड्या करून तो पाहायला गेल्या. थट्टा करणाऱ्यांपैकी कितीजणांनी त्या बायकांना 'तुम्ही नेमक्या कुठे रडलात?' असे विचारले? विचारले असते तर मराठी सासर-माहेराविषयी त्यांना एखाद्या प्रबंधाइतके ऐकायला मिळाले असते.

अगदी अलीकडची गोष्ट. ३० जून २०२३ रोजी केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' आला. सहा बहिणींची गोष्ट. महाराष्ट्रभर बायका गटागटाने नटूनथटून तो पाहायला गेल्या. आमच्याकडच्याही काही जणी जीप करून सोलापूरला गेल्या, त्यात आमच्या घरातली मंडळीही होती. परत आल्यावर मी मोठ्या जाणकारीने विचारले, 'कसा काय वाटला?' उत्तर आले, 'सहा बहिणींपैकी एकीलाबी सकाळी उठून पाणी भरायला लागत नाही. तरी रडू आलंच.' वाचकहो, या दोन वाक्यांत चित्रपटाचा कमकुवतपणा आला, त्याचे सामर्थ्य आले आणि बोलणारीचे आयुष्यही आले. एवढे तोलून बोलणे मला माझ्या कादंबरीत साधले तर मी धन्य होईन.

हा झाला पहिल्या फिर्यादीचा समाचार. दुसरा फिर्यादी त्याच्याहून धूर्त आहे, कारण तो आम्हांला गप्प बसा म्हणत नाही. तो आमच्या हातात एक आकडा ठेवतो. 'कसा आहे?' असे विचारले की तो सांगतो, 'शंभर कोटी.' 'बरा आहे का?' 'दोनशे कोटी.' आणि कोट्यवधींनी जमत नसेल तर पाचांपैकी साडेतीन तारे. आता या आकड्यावर बोलायचे काय? तो आला की चहा निवतो.

आकडे पूर्वीही होते, हे मला ठाऊक आहे. गीतमालेत गाण्यांना पायऱ्याच होत्या. रेकॉर्डींचा खप आणि श्रोत्यांच्या संघांची पसंती पाहून अमुक गाणे पहिल्या पायरीवर, तमुक तिसऱ्या, असे जाहीर होई. पण माझ्या वडलांच्या पिढीतली माणसे ते ऐकून रेडिओशीच भांडत. 'हे तिसरं? ह्याला काही कान आहे का नाही?' पायरी जाहीर झाली की वादाला तोंड फुटे. आज कोटी जाहीर झाले की वादाचे तोंड बंद होते. फरक आहे तो एवढाच, पण केवढा! निर्मात्याच्या गल्ल्यात किती पडले, हा त्याचा आणि त्याच्या मुनीमाचा प्रश्न. त्यातला रुपया आपल्या खिशात येत नाही. मग त्याच्या जमाखर्चाचा अभिमान आपण का वाहावा?

एकाच वर्षाची दोन उदाहरणे देतो. २०१६ साली 'सैराट' आला आणि शंभर कोटींची भाषा मराठीत प्रथम ऐकू आली. त्याच वर्षाचा 'कासव', सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा, ६४व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. तो आमच्याकडे किती जणांपर्यंत पोहोचला असेल याची कल्पना आपणच करा. कोटींच्या तराजूत घातला तर 'कासव' नाहीच. आमच्या बैठकीत मात्र तो आहे, कारण आमच्यातल्या एकाने तो कुठूनसा मिळवून पाहिला आणि सांगितले, 'पिच्चर कासवावानीच चालतो, मास्तर. पन पोचतो.' त्या एका वाक्यामुळे आणखी तिघांनी तो पाहिला. एकाला आवडला नाही. तो का आवडला नाही यावर दोन संध्याकाळी गेल्या. आकड्याने एक तरी संध्याकाळ अशी घालवून दाखवावी!

तिसरा फिर्यादी सर्वांत तरुण आणि सर्वांत रागीट आहे. तो म्हणजे भक्त. याचा नट हा नट नसतो, दैवत असते. आणि दैवताच्या अभिनयाबद्दल मत नसते, आरती असते. २०२४ साली मराठी 'बिग बॉस'च्या पाचव्या पर्वात बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा सूरज चव्हाण हा गरीब घरचा पोरगा उतरला आणि ६ ऑक्टोबरला जिंकला. आमच्याकडे तेव्हा दोन तट. एक म्हणे, 'त्या घरात त्यानं केलं काय? बसून राहिला!' दुसरा म्हणे, 'सगळे भांडत असताना बसून राहणं, हेच तर केलं!' दोन्ही मते ऐकण्यासारखी, आणि चहा संपेपर्यंत दोन्ही पक्ष एकमेकांची टोपी उडवून मोकळे. पण हाच वाद मोबाइलच्या गटात गेला, तेव्हा तिथे दुसऱ्या दिवशी कोण कोणत्या समाजाचा, कोण गरिबांचा शत्रू, याच्या याद्या निघू लागल्या. आमच्या दोन मित्रांची मुले, एका बाकावर बसणारी, महिनाभर एकमेकांशी बोलली नाहीत. समोर बसलेल्याचा चेहरा दिसत असता तर त्यांतले अर्धे शब्द उच्चारलेच गेले नसते.

आज कुठलाही मोठा चित्रपट आला की 'कसा आहे?' या प्रश्नाआधी 'तू कुणाच्या बाजूचा?' हा प्रश्न येतो. आवडला म्हटले तर एका पक्षाची पावती फाडली जाते, नाही म्हटले तर दुसऱ्या. 'गाणी चांगली आहेत, मधला भाग लांबला आहे' असे म्हणणाऱ्या भल्या माणसाला उभे राहायला जागाच उरत नाही. मला भीती वाटते ती याची. गंभीर माणूस आम्हांला हसतो, आकडेवाला आम्हांला गप्प करतो. भक्त मात्र आमची मैत्रीच मोडतो.

या हलक्या गप्पांत एवढे जड असे काय अडकले आहे, असे आपण विचाराल. तेच आता सांगतो. खेड्यात माणसे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहतात, पण काही गोष्टींवर समोरासमोर बोलत नाहीत. बांधावर बोलले तर कोर्ट, निवडणुकीवर बोलले तर डोकी, आणि जातीबाहेरच्या लग्नावर तर बोलायचेच नाही. 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी लागला. नागराज मंजुळे आमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातले, करमाळ्याकडचे. अकलूजची रिंकू राजगुरू त्यात आर्ची झाली आणि राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला. पडद्यावरची बोली आमच्या कानाच्या सख्ख्या नात्यातली. आम्ही तो पाहून आलो आणि दोन दिवस फक्त गाण्यांवर आणि आर्चीच्या बुलेटवर बोललो. तिसऱ्या दिवशी आमच्यातला एक, चहा ढवळत, अगदी सहज म्हणाला, 'शेवट जरा जास्तीचा दाखवला. घरच्याचं बी काय चुकतंय?' दुसऱ्याने कप खाली ठेवला. तो वेगळ्या वस्तीतला. तो म्हणाला, 'त्या लेकराच्या पायाला लागलेलं बघून बी तुला शेवट जास्तीचा वाटला?'

कुणी उठून गेले नाही. चित्रपटावरचेच बोलणे होते ना! आर्चीचे नाव घेऊन एकाने आपली भीती सांगितली, परशाचे नाव घेऊन दुसऱ्याने आपला राग सांगितला. दोघेही लहानपणापासूनचे मित्र. पण तीस वर्षांत ही गोष्ट त्यांच्यात निघाली नव्हती. ग्रामसभेत ती निघाली नसती, व्याख्यानात तर नाहीच नाही. तिला आडोसा लागतो. सिनेमा हा तो आडोसा आहे. 'तो नायक', 'ती नायिका' असे म्हणत म्हणत माणूस स्वतःविषयी बोलतो, आणि ऐकणाऱ्यालाही न रागावता ऐकून घेता येते. पुढे त्याच कथेचा हिंदीत 'धडक' झाला, उदयपूरच्या वाड्यामहालांत. तो पाहून पहिलाच मित्र म्हणाला, 'ह्यात ते न्हाई.' 'ते' म्हणजे काय हे त्याने सांगितले नाही आणि कुणी विचारलेही नाही. सर्वांना कळले होते. हा आडोसाही आता पेटवून देणार असाल, तर उद्या माणसे बोलणार कुठे आणि कशाच्या निमित्ताने?

यावर एक रास्त शंका येईल. मग काय वाटेल ते बोलावे? गप्पा म्हटल्या की चहाडी आली, नटीच्या अंगावरून शेरे आले, कुणाचे कुणाशी जमले आणि मोडले ते आले. हे होते, नाही असे नाही. आणि त्याचा बचाव मी करणार नाही. म्हणूनच आमच्या बैठकीने आपले चार दंडक केले आहेत. पाहिल्याशिवाय बोलायचे नाही. ऐकीव मताला चहा नाही. कामावर बोलायचे, माणसाच्या घरावर आणि शरीरावर नाही. आपल्या मुली शेजारच्या बाकावर ऐकत बसल्या आहेत असे धरून बोलायचे. काल दिलेले मत आज बदलले तर कुणी हिणवायचे नाही. आणि चौथा दंडक: वाद कितीही चढला तरी उठताना चहाचे पैसे एकत्रच द्यायचे. या चारांत बसेल ती गप्पा, न बसेल तो गोंगाट. गोंगाटाला नावे ठेवा, आम्ही तुमच्याबरोबर आहोत. पण गोंगाट होतो म्हणून गप्पा बंद करा म्हणणे म्हणजे पिठात खडा निघाला म्हणून चूल विझवण्यासारखे आहे.

गंभीर मंडळींना माझी शेवटची विनंती अशी. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो. थोर विषयांशी माझे वैर नाही. पण ज्या समाजात माणसाला एका गाण्याविषयीसुद्धा 'मला हे आवडले नाही' असे शेजाऱ्याला हसत सांगता येत नाही, त्या समाजात तो थोर विषयांवर काय डोंबल बोलणार? मतभेदाची तालीम हलक्या गोष्टींवरच होते. कुस्ती शिकणारा पोर पहिल्या दिवशी हिंदकेसरीशी भिडत नाही. आधी लाल मातीत बरोबरीच्या मित्राशी खेळतो, पडतो, पाडतो, आणि अंग झाडून त्याच्याच खांद्यावर हात टाकून घरी जातो. आमचे हॉटेल ही ती माती आहे.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत घर भरलेले असेल. पुण्या-मुंबईहून मुले येतील, लेकी माहेरी येतील, फराळाची ताटे पुढे असतील आणि प्रत्येकजण आपापल्या मोबाइलमध्ये मान घालून बसलेला असेल. त्या वेळी एवढे करा. घरातल्या सर्वांत वडील बाईला विचारा, 'आजी, तुम्ही बघता त्या मालिकेत तुम्हांला कोण पटत नाही?' तिला तारे विचारू नका, कोटी सांगू नका, तुमच्या दैवताचा झेंडा मध्ये आणू नका. ती बोलू लागली की मधे तोंड घालू नका. आणि तिचे म्हणणे पटले नाही, तर निःसंकोच सांगा. चकल्यांचे ताट तेवढे दोघांच्या मधे राहू द्या.